नळावरचा नंबर

बसू,

तुला भिंतीला टेकवून बसवलं होतं. तुमच्या लिंगायतांत माणसाला बसवूनच नेतात हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी दारातून आत पाऊल टाकलं आणि मी थबकले. कपाळभर विभूती, गळ्यात हार, मांडी घातलेली. मान जरा डावीकडे कललेली, वाद घालताना तू कलवायचास तशीच. मला वाटलं, आता म्हणशील, आलीस का शके, मग कळशी कुठाय. आजूबाजूचे रडत होते आणि मी मात्र तुझ्यावर चिडले होते. अर्धा वाद टाकून असं निघून जायचं नसतं. निदान मी तरी तुझ्याशी असं कधी वागले नव्हते.

त्यानंतर आठवडाभरात तुझ्या बायकोचा, गिरिजाचा फोन आला. बिचारीला रडायला अजून सवड मिळालेली नाही, इतके लोक येऊन जातायत. तुझं ते शिल्प, आपल्या मिरजेतल्या गल्लीवर केलेलं 'नंबर', लोकांच्या जुन्या वस्तूंची माणसं करून लावलेली नळावरची रांग, ते साताऱ्याच्या नव्या सभागृहात ठेवायचं हे तू असतानाच ठरलं होतं. आता तू गेल्यावर त्या लोकांना एकदम घाई झाली. गिरिजा म्हणाली, "शकूताई, रविवारी टेंपो घिऊन येणार हाईत. मधी जागा मोकळी हाय न्हवं, ती बरी दिसत न्हाई म्हणत्यात. सगळं सरकवून सलग करतो म्हणाले. मी काय सांगू त्यास्नी?"

मी म्हटलं, मी येते, तोवर कशाला हात लावू देऊ नकोस. फोन ठेवला आणि मग कळलं की आपण काय कबूल करून बसलोय. रविवारच्या आत मला ठरवायचं होतं, माझ्या आईची कळशी तुझ्या रांगेत द्यायची, की आई त्या गल्लीत कधी नव्हतीच असं होऊ द्यायचं. तू असताना हा निकाल मी वर्षानुवर्षं लांबणीवर टाकला होता. तू आहेस म्हटल्यावर मला तरी कुठे घाई होती.

त्या नळाची गोष्ट तुला सांगायला नको. पण एकदा माझ्या बाजूनं सांगू दे, कारण तू सांगायला लागलास की लोक तुझंच ऐकत राहायचे.

गल्लीला नळ एकच. पाणी दुपारी यायचं, कधी यायचंही नाही. बायका उन्हात किती वेळ उभ्या राहणार, म्हणून जी ती आपली एक वस्तू रांगेत ठेवून घरी जायची. सतारी करणाऱ्या रहिमानचाचांच्या घरचा तडकलेला भोपळा, ज्याची सतार होता होता राहिली असा. दवाखान्यातल्या रूथ सिस्टरचं टवके उडालेलं इनॅमलचं पातेलं. मद्रासकडून बदलून आलेल्या रेल्वे गार्डाचा काच नसलेला कंदील. आणि सगळ्यांत पुढे तुझ्या आईचा, अव्वाचा, पितळी तांब्या, बुडाला भोक पडलेला. तुमच्या घरात कानडी, चाचांकडे दखनी, गार्डाकडे तमिळ, सिस्टरकडे बायबलमधली मराठी. नळावर भांडण लागलं की मात्र सगळ्यांना एकच मराठी यायची, आणि ती चांगली यायची.

रांगेत वस्तू म्हणजे माणूस, हे आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं. भोपळा इंचभर मागे गेला तर चाचींचा अपमान व्हायचा, भोपळ्याचा नाही. कंदील आडवा पडलेला दिसला की गार्डाची बायको आजारी आहे का असं लोक विचारायचे. तू पुढे जे काही केलंस ते सगळं त्या रांगेतून आलं. इतकी वर्षं पलूसच्या शाळेत चित्रकला शिकवलीस, पण खरा शिकलास तू नळावर. हे तू कधी लपवलंही नाहीस.

आमची कळशी त्या रांगेत नसायची. आम्ही गल्लीच्या टोकाला राहायचो. आम्ही बौद्ध झालो होतो, पण त्याआधी काय होतो ते गल्लीला पाठ होतं. आईची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, कळशी पलीकडे कडुलिंबाखाली, एकटी. नळाला तिनं हात लावायचा नाही. सगळ्यांचं भरून झालं की तुझी अव्वा आपली घागर घेऊन यायची आणि तिच्यातलं पाणी कळशीत ओतायची. वरून. घागरीचा काठ कळशीला लागणार नाही इतक्या वरून. बरंच पाणी बाहेर सांडायचं. आई ओली कळशी पदरानं पुसत घरी यायची आणि त्या दिवशी पाणी मिळालं म्हणून खूश असायची.

आणि मग तो दिवस, ज्याची तू पुढे गोष्ट केलीस. आपण दुसरी-तिसरीत असू. रांग लागलेली होती, बायका घरी गेलेल्या. तुला काय वाटलं कोण जाणे, तू कडुलिंबाखाली गेलास, आईची कळशी दोन्ही हातांनी उचललीस आणि भोपळा आणि पातेलं यांच्या मधोमध आणून ठेवलीस. नीट ठेवलीस, मागे सरकून पाहिलंस, पुन्हा जरा फिरवलीस. मी ओट्यावरून बघत होते. मला भीतीही वाटली आणि आनंदही झाला, आणि आनंद जास्त झाला.

पाणी यायच्या वेळेला बायका आल्या. तुला कुणी रागावलं नाही. तू त्यांच्यातलाच होतास. मग एकीनं वाकून आपली वस्तू उचलली आणि नळाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली. तिच्या मागून सगळ्यांनी. चाचींना आमचा विटाळ नव्हता, सिस्टरला तर नव्हताच. पण रांग सरकली की आपला नंबर जाईल, म्हणून त्यांनीही उचललं. बघता बघता पलीकडे नवी रांग तयार झाली आणि आईची कळशी जिथे तू ठेवली होतीस तिथे एकटी राहिली. त्या दिवशी तिच्यात कुणी पाणी ओतलं नाही. आई रिकामी कळशी घेऊन घरी आली आणि मला म्हणाली, बसूला काही बोलू नकोस, लहान आहे तो. मीही लहानच होते. ते तिच्या लक्षात आलं नाही.

तुझं माझं मात्र तुटलं नाही. का तुटलं नाही याचं मला आजही नवल वाटतं. तू आमच्या घरी जेवायचास, अव्वा ओरडली की तिला कानडीत काहीतरी सांगून पुन्हा यायचास. मी पोस्टात लागले, साताऱ्याला आले, मध्ये काही वर्षं लोणंदला काढली, आणि प्रत्येक ठिकाणी तू पिशवी घेऊन उगवायचास. यायचास मला भेटायला, पण डोळे माझ्या माळ्यावर असायचे. जाताना तुझी पिशवी मी दारात तपासायची हा आपला रिवाजच झाला होता. एकदा तपासायची राहिली आणि तू माझ्या कुकरची शिट्टी घेऊन गेलास. संध्याकाळी मी भात लावायला गेले तेव्हा कळलं. फोनवर तुला वाट्टेल ते बोलले, तर तू शांतपणे म्हणालास की गार्डाच्या कंदिलाला नाक नव्हतं.

तुझी ती बांधायची तऱ्हाही मला आधी वेडगळच वाटायची. वस्तूला भोक पाडायचं नाही, कापायचं नाही, रंग द्यायचा नाही, वेल्डिंग तर नाहीच. सगळं बारीक तारेनं बांधायचं. आटपाडीच्या बाजारातून आणलेली मेंढ्यांची घंटा असो नाहीतर कुणाच्या सायकलचा चिमटा, ज्याची वस्तू त्याला कधीही सोडवून नेता आली पाहिजे. लोक नेतही असत. रूथ सिस्टरच्या मुलीला एकदा आईची फार आठवण आली, तर ती येऊन पातेलं घेऊन गेली. तुझ्या शिल्पातली बाई बिनडोक्याची होऊन वर्षभर उभी राहिली. तू चकार शब्द काढला नाहीस. वर्षानं तिनं पातेलं आपण होऊन परत आणलं तेव्हा तू तिला चहा पाजलास आणि मग मला फोन करून अर्धा तास बोललास. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं.

आई गेली तेव्हा त्या गल्लीतून एकटा तू आलास. खांदा दिलास. घाटावर माझ्या भावांच्या शेजारी उघड्या अंगानं उभा राहिलास आणि घरी येऊन आमच्यातल्यासारखा जेवलास. त्याच दिवशी तू माझ्याकडे पहिल्यांदा कळशी मागितलीस. मी नाही म्हटलं. तुला वाटलं मला आईच्या वस्तूचा लोभ आहे. तसा लोभ होताच, पण नाही म्हणायचं कारण ते नव्हतं.

कारण काय होतं ते मला गेल्या वर्षी सांगलीत नीट कळलं. तुझ्या कामावर कार्यक्रम होता. मी गिरिजाशेजारी बसले होते, नवी साडी नेसून, अभिमानानं. तुला कुणीतरी विचारलं, तुमचं पहिलं शिल्प कुठलं? आणि तू ती गोष्ट सांगितलीस. शेजारची एकटी पडलेली कळशी, तिला उचलून रांगेत ठेवणारा छोटा मुलगा. सांगताना तू हातही तसेच केलेस. लोक हसले, मग हेलावले, मग टाळ्या पडल्या. आणि तू तिथेच थांबलास. नंतर काय झालं ते सांगितलंच नाहीस. माझ्या आईची कळशी तुझ्या गोष्टीत अजून त्या रांगेतच उभी होती, सगळ्यांच्या मधोमध, आणि टाळ्या वाजतच होत्या. मी उठून बाहेर गेले. गिरिजाला वाटलं मला गरगरलं.

त्या दिवाळीत तुझ्या शेडमध्ये आपलं जे झालं त्याला भांडण म्हणणंही कमीच. तू मोडक्या स्टुलावर बसून तार पिळत होतास. मी विचारलं, पुढचं का नाही सांगितलंस?

"लोकं हासत हुती गं. हासू दिलं."

"आणि सगळ्यांत आधी कुणी उचललं, ते?"

तू पक्कड खाली ठेवली नाहीस, वरही बघितलं नाहीस. आपल्या दोघांनाही उत्तर माहीत होतं. सगळ्यांत आधी वाकली ती तुझी अव्वा. पहिला नंबर तिचा होता, तिनं तांब्या उचलला म्हणून बाकीच्यांनी उचललं. ती उभी राहिली असती तर रांग तशीच राहिली असती.

"अव्वा पानी तर देत हुती न्हवं," तू म्हणालास. "दुसरं कोण देत हुतं?"

"वरून देत होती."

"देत तर हुती, शके."

मग तू पुन्हा कळशी मागितलीस. म्हणालास, मी जिथं ठेवली होती तिथंच ठेवतो, भोपळ्याच्या आणि पातेल्याच्या मधी, आता कोण उचलतंय बघू. मी म्हटलं, आता उचलायला उरलंय कोण? मेलेल्यांच्या वस्तू तारेनं बांधून ठेवल्यास तू, त्या पळणार कुठे? तिला मधोमध बसवलंस की गल्ली सुटली. बघणारे म्हणतील, वा, काय माणसं होती. माझी आई तुझ्या गल्लीची अब्रू झाकायला नाही देणार मी. तू म्हणालास, जे झालं न्हाई ते करायची मुभा कलाकाराला नसंल तर मग त्यानं करायचं काय. मी म्हटलं, आधी जे झालं ते करून दाखव.

तू तारेला आणखी एक पीळ दिलास. गिरिजानं फराळाचं ताट आणलं, आपण दोघांनी मुकाट्यानं चकल्या खाल्ल्या. नंतरही फोन होत राहिले, पण सगळे वरवरचे. जेवलीस का, गुडघा कसा आहे, ऊन फार आहे. इतक्या वर्षांत आपण इतकं सभ्य कधी बोललो नव्हतो.

खरं सांगू का, मला तुझ्या अव्वापेक्षा माझ्या आईचा राग जास्त यायचा. मी मोठी झाल्यावर कधी अव्वाबद्दल वाकडं बोलले तर आई मला गप्प करायची. "तिचं नाव काडू नगंस. ती हुती म्हनून तुमच्या आंघुळी झाल्या." माझा संताप मी जिच्यासाठी सांभाळत होते, तीच तो घ्यायला तयार नव्हती. हे मी तुला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वाद तू तिथंच जिंकला असतास, आणि ते मला नको होतं.

रविवारी मी मिरजेला आले. पिशवीत कळशी होती. द्यायची म्हणून आणली नव्हती, घरी तिच्याकडे बघवेना म्हणून आणली. टेंपो दारात लागला होता. सभागृहाकडून एक गृहस्थ आलेले, फार नम्र, आणि बरोबर वेल्डिंगवाला. ते मला समजावत होते की प्रवासात तार टिकणार नाही, दोन-चार ठिकाणी टाका मारावाच लागेल, आणि मधली फट काढली की रांग कशी भरगच्च, एकोप्याची दिसेल. मी ऐकत होते आणि आत धुमसत होते. गिरिजानं शेडचं कुलूप काढलं.

भोपळा होता, पातेलं होतं, कंदील त्याच्या शिट्टीच्या नाकासकट होता. सगळे आपापल्या लोखंडी पायांवर उभे. मधली जागा मोकळी होती. पण रांगेच्या तोंडाशीही जागा मोकळी होती. तिथे नुसते पाय आणि वर पुढे आलेला एक हात होता. अव्वाचा तांब्या खाली पोत्यावर ठेवलेला, त्याच्या सोडवलेल्या तारा शेजारी नीट गुंडाळून.

मी गिरिजाकडे बघितलं. ती म्हणाली, "दिवाळीनंतर सोडवला. परत बांधलाच न्हाई. मी म्हनलं, आवं, अव्वाला असं भुईवर का ठीवलंय? तर म्हनाले, तिला कुठं उभी करायची ते शकूला इचार. मला न्हाई ठरवता येत. मी तिचा पोरगा हाय."

बसू, त्या क्षणी मला तुझा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात आला नसेल. मी आईच्या जागेसाठी भांडायला आले होते आणि तू तुझ्या आईची जागा माझ्या हातात देऊन बसला होतास. मी भांडू कुणाशी? मनात आलं, राहू दे तिला तिथेच पोत्यावर. माझी आई रांगेबाहेर राहिली, आता तुझी राहू दे. कुणी काही म्हणणार नव्हतं. ते गृहस्थ तर म्हणालेच, हे भांडं नसलं तरी चालेल, तसंही त्याला भोक आहे.

ते ऐकलं आणि मी तांब्या उचलला. मग रडले. इतके दिवस रडू आलं नव्हतं ते सगळं त्या परक्या माणसांसमोर आलं. गिरिजा जवळ येऊन उभी राहिली आणि तीही रडायला लागली. वेल्डिंगवाला बाहेर जाऊन उभा राहिला.

शांत झाल्यावर मी कळशी पिशवीतून काढली आणि तिला जिथे ती असायची तिथे ठेवली. रांगेपासून दूर, शेडच्या त्या टोकाला, एकटी. मधली फट बुजवायची नाही असं त्या गृहस्थांना सांगितलं. ती फट एका दुपारची आहे, ती तशीच राहील. मग उरली अव्वा. मी तांब्या घेऊन तिच्या पायांपाशी उभी राहिले आणि तिथून कळशीकडे पाहिलं. अंतर बरंच होतं. नळापासून कडुलिंबापर्यंत रोज भरलेली घागर घेऊन ती हे अंतर चालत यायची. रांगेतल्या बाकी कुणी ते कधी चाललं नव्हतं. मी लहानपणापासून फक्त तिची उंच धरलेली घागर बघत आले होते, तिचे पाय मी कधी बघितलेच नव्हते. तू ते तारेनं बांधून ठेवले होतेस, तरी बघितले नव्हते.

मी आणि गिरिजानं ते लोखंडी पाय उचलून कळशीपाशी आणले. तांब्या त्या पुढे आलेल्या हाताला बांधला, वर, तोंड खाली करून, आईच्या कळशीवर ओततोय असा. तुझ्यासारखी सफाई माझ्या हाताला कुठली, तार दोनदा बोटात शिरली. ते गृहस्थ म्हणाले, मॅडम, हे असं अधांतरी हलेल, तांब्या खाली टेकवून एक टाका मारू का, कायमचं घट्ट होईल. मी म्हटलं, लागू द्यायचं नाही. ते म्हणाले, मग किती वर ठेवायचं? ते मला पाठ होतं. मी त्यांना हातानं दाखवलं.

अंतरं मोजून घेऊन, कळशीसकट, टेंपो गेला. गिरिजानं दार ओढून घेतलं आणि हळूच विचारलं, "शकूताई, अव्वाला तुमी माफ केलं म्हनायचं का?"

नाही, मी म्हटलं. तुलाही तेच सांगते, बसू. माफ केलेलं नाही. तुझ्या अव्वाला मी माझ्या आईजवळ उभी केली आहे, आणि दोघींच्या मधलं अंतर होतं तेवढंच ठेवलं आहे.